वास नसलेली मासळी

१२ जानेवारी

आत्याबाईला नांदेडहून घरी आणलं. अकरा दिवस दवाखान्यात होती, त्यातले चार ऑक्सिजनवर. फ्लूच, पण छातीत उतरला. दिलीपभावजींनी जीपमधून उचलून आत आणली तर धुतलेलं लुगडं उचलून आणल्यासारखी. माझी सासू, पण क्षणभर मलाच ओळखू येईना.

मंगल, भावजींची बायको, अंगणातच उभी राहिली. पोरांच्या परीक्षा आहेत, वसमतला लवकर परतायचंय, वगैरे. भावजी म्हणाले, "वहिनी, पंधरा दिवस तुमीच बघा. घरचंच माणूस लागतं."

घरचं माणूस. हे गेल्यापासून अकरा वर्षं मी याच अंगणात मागच्या पत्र्याच्या खोलीत राहते. चूल वेगळी, माठ वेगळा, दोरीवर कपडे वाळत घालायची बाजूसुद्धा वेगळी. आज घरची झाले.

आत्याबाईला तोंडावर "तुमी" म्हणते. इथं "ती" लिहिणार. वही माझी आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ द्यायला माझ्या दारात कोणी येत नाही, त्यामुळे काम वेळेत उरकलं.

सकाळी पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाशी धरला. मान वळवली. "पारूला बोलाव." पारूकाकू शेजारची. तिनं येऊन पाजलं. मग पारूकाकू शेतात गेली. दुपारी पुन्हा तांब्या, पुन्हा मान भिंतीकडं. तीनपर्यंत ओठ फुटले. मी तांब्या धरून तशीच उभी राहिले. शेवटी प्याली. डोळे मिटून.

एचआयव्ही पाण्यातून, भाकरीतून, हातातून जात नाही, हे हिंगोलीच्या दवाखान्यातल्या मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. आजार मला तिच्याच पोरानं दिला हेही गावाला ठाऊक आहे. तरी विटाळ माझा.

१८ जानेवारी

उपकेंद्रातल्या सिस्टर वजनकाटा घेऊन आल्या. दोघींनी धरून उभं केलं. चौतीस किलो.

नांदेडच्या डॉक्टरनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय: प्रोटीन. सिस्टरनी समजावलं, तापानं अंगातलं मांस खाल्लंय, औषधाचं काम झालं, आता खाण्यातून भरून निघालं नाही तर पुढचा साधा सर्दीतापही झेपायचा नाही. दूध दिलं की जुलाब. डाळीनं पोट फुगतं. अंडी, मासे... सिस्टरनी तिच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली आणि वाक्य अर्धंच सोडलं.

तिचा दंड पुसताना माझा दंड आठवला. हे गेले त्या वर्षी मी तेहतीस किलोची होते. गोळ्या सुरू झाल्या होत्या पण पोटात काही ठरत नव्हतं. मॅडम म्हणायच्या, गोळी विषाणूला दाबून ठेवंल, पण गोळी पेलायला अंगात जीव पाहिजे. अंडी खा, मासळी खा. शाहीन तेव्हापासूनची मैत्रीण. कळमनुरीच्या बाजारात धरणाची मासळी घेऊन बसते. मरळीचं डोकं कागदात बांधून दिलं होतं तिनं. रस्सा कर म्हणाली.

केला. पहिल्यांदाच, मागच्या खोलीत, दार लावून. वास कुठं दाराला ऐकतो. आत्याबाई आली, काठी पातेल्याच्या कडीत घातली आणि पातेलं तसंच उचलून गल्लीत नेऊन ओतलं. कुत्री जमली. मी पडल्या पडल्या बघत होते, उठायची ताकद नव्हती. "माळकऱ्याच्या घरात मुडदे शिजवती," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाहीननं तिच्या घरून शिजवून डबा आणला. तसं दोन महिने. मी जगले.

२१ जानेवारी

भावजी आले. मंगल जीपमध्येच बसून राहिली. त्यांनी एक डबा आणला, पांढऱ्या पावडरचा. मला अंगणात बोलावलं, आवाज खाली.

"वहिनी, हे मासळीपासून काढलेलं प्रोटीन हाय. नांदेडच्या डॉक्टरलाच विचारून घेतलं. हलकं असतं, पोटाला सोसतं. वास न्हाई, चव न्हाई. कढीत दोन चमचे टाकायचं."

"आत्याबाईला सांगितलं?"

"सांगितलं तर खाईल का ती?"

"मंगल का न्हाई टाकत?"

"तिला जमणार न्हाई. तिला भ्या वाटतं. तुमचं कसं, तुमी खाताच की."

मी खातेच की. म्हणजे बाटलेलीच आहे, आणखी काय बाटणार. पाप माझ्या हातानं, आई भावजींची.

डबा वाचला. बारावीपर्यंतचं इंग्रजी एवढ्याला पुरलं. मासा आहे. डब्यावर खोटं काही लिहिलेलं नाही.

२२ जानेवारी

बाजारात शाहीनला विचारलं. ती रोहू कापत होती. हात थांबवून ऐकलं.

"मला कोनी डुकराचं चोरून खिलवलं आणि मी जगले," म्हणाली, "तर त्या मानसाचं तोंड मी पुन्हा बघीन का, सांग."

"आणि न खिलवता मेलीस तर?"

"तर ते अल्लाच्या मर्जीनं. तुझ्या मर्जीनं न्हाई." मग पुन्हा रोहू हातात घेऊन, "पण संगीता, बुढीला मरताना बघत बसायचं, ते बी बराबर न्हाई."

म्हणजे दोन्हीकडून दोषी मीच.

२३ जानेवारी

सकाळी ती मोरीपाशी पडली. पाय घसरला नाही, नुसते गुडघे मुडपले आणि खाली बसली ती बसलीच. मी उचलली. छाती भात्यासारखी हलत होती.

दुपारच्या कढीत दोन चमचे टाकले. ढवळलं. दिसेना, वास येईना. तिनं सगळी प्याली.

हात थरथरेल असं वाटलं होतं. थरथरला नाही. ते जास्त वाईट वाटलं.

२५ जानेवारी

एकादशी. सिस्टर नको म्हणाल्या तरी उपास. भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. डबा उघडला नाही. का नाही ते माहीत नाही. भावजींचा फोन, "एक दिवस बी चुकवू नका बरं का." मी हो म्हणाले.

३० जानेवारी

पोट ठीक आहे. जुलाब नाहीत. आज उशीला टेकून अर्धा तास बसली. पारूकाकू बघायला आली तर तिला म्हणाली, "कढी चांगली करती ही. हाताला चव हाय तिच्या."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझ्या हाताला पहिल्यांदा चव सापडली तिला.

मागच्या खोलीत येऊन बसले. रडू येईल वाटलं. हसू आलं, तेही नीट नाही.

४ फेब्रुवारी

छत्तीस किलो. सिस्टर खूश. "काय देताय?" म्हणाल्या. कढी, म्हटलं.

भिंत धरून ओट्यापर्यंत चालली. गल्लीतल्या बाया जमल्या. लेक असावा तर दिलीपसारखा, नांदेडला नेलं, औषधं आणली, दर आठवड्याला येतो. आत्याबाई मान हलवत होती. मी आतून ऐकत होते, हातात कढीची पळी.

भावजी दर आठवड्याला येत नाहीत. येतात तेव्हा चहा पिऊन जातात.

८ फेब्रुवारी

एकादशी. आजही टाकलं नाही.

तिनं देवासमोर बसून हरिपाठ म्हटला. तिसऱ्या ओळीत दम लागला, थांबली, पुन्हा तिथूनच सुरू केला. आवाज बसलेला पण शब्द एक चुकला नाही. मी दारात उभी होते. कालची मासळी हिच्या अंगात आहे आणि हिला माहीत नाही, एवढंच डोक्यात. आणि एक गोष्ट इथं लिहूनच टाकते. ते डोक्यात आलं तेव्हा मला थोडं बरं वाटलं. कढी देताना दया असते का दुसरं काही, हे मी इतके दिवस तपासलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

हिंगोलीला गोळ्या आणायला गेले. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पेन ठेवलं.

"मासळीचं प्रोटीन चांगलंच असतं, संगीताताई. आजारातून उठलेल्या माणसाला लवकर सोसतं. पण ते अन्न आहे, संजीवनी नाही. शेंगदाण्याचा कूट, भाजक्या डाळ्याचं पीठ, सोयाबीन, ताक, यानंही होईल. थोडं हळू होईल. आणि आपल्या पोटात काय जातंय हे पेशंटला माहीत पाहिजे. तुम्हाला न सांगता कोणी तुमच्या अंगात काही घातलं असतं तर?"

त्यांच्या मनात तसं नव्हतं. बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्या खाली बघायला लागल्या.

ह्यांच्या फायलीवरची तारीख आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षातली होती. मला कळलं सातव्या वर्षी, मी आडवी पडल्यावर, दवाखान्यातला कागद माझा मीच वाचून. मधली पाच वर्षं हे ट्रकवरून यायचे, मी भाकरी करायचे, ह्यांच्या शेजारी झोपायचे. कोणी काही बोललं नाही. ह्यांनी आईपासून आयुष्यात काही लपवलं नव्हतं. मग हा आजार तिच्यापासून लपवला होता का? अकरा वर्षं हा प्रश्न घेऊन तिच्या अंगणात राहते. विचारला नाही. उत्तर आलं तर त्याच अंगणात राहायचं कसं.

परतीच्या एसटीत ठरवलं. सांगायचं.

१५ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी, तिची वेणी घालून झाल्यावर.

"आत्याबाई, त्या कढीत मासळी होती. पावडर असती, तिची. रोज."

तिनं ओरडावं असं मला वाटत होतं. ओरडली नाही.

"किती दिवस?"

"एकवीस. दोन एकादशा सोडून."

"कोणी आणलं?"

"भावजींनी. टाकलं मी."

तिनं दोन्ही हातांनी गळ्यातली माळ काढली. बोटं अडखळत होती, मी हात पुढं केला तर मागं सरली. माळ देवळीत ठेवली आणि अंगावर पांघरूण ओढून आडवी झाली. विसाव्या वर्षी घातलेली माळ. गळ्याला तिच्याएवढी पांढरी रेघ राहिली आहे.

दुपारी साधं वरण नेलं. हात लावला नाही. संध्याकाळी नेलं. नाही.

१६ फेब्रुवारी

फक्त ताक. तेही पारूकाकूच्या घरचं. माझ्या हातचं पाणी पुन्हा बंद.

पारूकाकूनं मला विचारलं, "काय केलं तू?" सांगितलं. ती पदर तोंडाला लावून निघून गेली. तासाभरात गल्लीला कळलं असणार.

१७ फेब्रुवारी

भावजी आले, मंगलही. अंगणात पाच-सहा बाया, दोघं-तिघं बाप्ये.

भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी दुधाची पावडर आणून दिली व्हती. हिनं काय मिसळलं देव जाणे."

मी आत जाऊन डबा आणला. वर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. म्हणाले, "डबा काय, कोणी बी आणतं. हिची ती मासळीवाली हाय ना बाजारात." शाहीनलाही ओढलं.

कोणीतरी म्हणालं, सूड घेतला. मंगल म्हणाली, "आजारी मानसाला बाटवलं हो." तिला सगळं माहीत होतं. डबा आला त्या दिवशी जीपमध्ये तिच्याच मांडीवर होता.

दार उघडं होतं. आत्याबाई खाटेवर जागी होती, सगळं ऐकत होती. डबा कोणी आणला ते मी तिला दोन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. एक शब्द बोलली असती तर पुरलं असतं. बोलली नाही.

लेकाला वाचवलं. पुन्हा.

हे "पुन्हा" मी का लिहिलं?

१९ फेब्रुवारी

सकाळी झाडत होते. खाटेवरून हाक आली, "संगीता." नावानं. या घरात माझं नाव उच्चारलं जात नाही, "ती", "ही", "मागची" असं असतं.

"त्या पावडरचं तू काहून सांगितलं? मला कळलं नसतं."

"मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून."

खराटा हातातच होता. ती वर पत्र्याकडं बघून बोलायला लागली, मला सांगावं तसं नाही, मोजून ठेवलेलं बाहेर काढावं तसं.

"नांदेडचा कागद तुझ्या नवऱ्यानं मलाच आदी दाखवला व्हता. तुला कळायच्या लई आदी. तो म्हणला, माय, तिला सांगतो. मीच म्हणलं, नको. ती माहेरी निघून जाईल, मग तुला कोण करून घालंल, तुझी घाण कोण काढंल. मी त्याला शपथ घातली."

मी झाडत राहिले. पुढं आणखी काही बोलत होती. खराट्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून मी जोरात झाडत होते.

माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय करणार होते, तेही माहीत नाही.

२० फेब्रुवारी

लिहायला काही नाही. सगळं अंग भाजतंय. ताप नाही, मोजला.

२१ फेब्रुवारी

तिच्यासाठी चूल पेटवली नाही. हळद काढायला गेले. दिवसभर वाकून कंद तोडले, नखांत पिवळं. बाया माझ्यापासून दोन सऱ्या सोडून बसल्या. बरंच झालं, बोलावं लागलं नाही.

संध्याकाळी शाहीन घरी आली. कधी येत नाही ती या अंगणात. भावजी तिच्याबद्दल काय बोलले ते तिच्या कानावर गेलं होतं. त्याबद्दल काही बोलली नाही. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चल, आमच्या घरी राहा चार दिवस."

"आणि हिला कोण बघंल?"

शाहीननं चपला घातल्या. मग म्हणाली, "तकलीफ हीच हाय तुझी. विचारती."

२२ फेब्रुवारी

सिस्टर आल्या. पस्तीस. एक किलो उतरलं. आणखी एक आठवडा असंच चाललं तर परत नांदेड, म्हणाल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, जसं काही काटा मीच मागं ओढला.

भावजींचा फोन पारूकाकूच्या मोबाईलवर. मंगळवारी येऊन आईला वसमतला नेतो म्हणाले. पारूकाकूनं फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, "मी येत न्हाई." बस एवढंच. भावजी तिकडून बोलत होते, ही फोन पारूकाकूच्या हातात देऊन आडवी झाली.

कोणाकडं राहणार ते सांगितलं नाही. मला विचारलंही नाही. तिच्या हिशेबात मी आहेच. एकोणीस वर्षं मी आहेच.

२३ फेब्रुवारी

सकाळी दोन वाट्या कढी केली. खाटेशेजारच्या स्टुलावर मांडल्या.

"ही साधी. शेंगदाण्याचा कूट, ताक, हळद, मीठ. हिच्यात ती पावडर हाय. मासळी."

तिनं दोन्हीकडं बघितलं. "दोन्ही काहून केल्या?"

"साध्या कढीनं ताकद हळू येईल. दुसरीनं लवकर. तुमचं तुमी ठरवा."

"तू काय म्हणतीस?"

"मी काहीच म्हणत न्हाई."

"दिलीप सगळ्यांम्होरं तुला बोलला, तवा मी..." इथं थांबली. मी उभी राहिले, तिनं वाक्य पुरं करावं म्हणून. खोकला आला, नाहीतर आणला. मी दार अर्धं लोटून शेतावर गेले.

आता सहा वाजत आलेत. हात धुतले, पण पिवळं निघत नाही. अंगणात दगडावर बसून हे लिहिते आहे. अजून आत गेले नाही. दार सकाळी ठेवलं होतं तसंच अर्धं आहे.

वाट्या घासायला घ्याव्या लागतील. कोणती रिकामी असेल, कोणती भरलेली, का दोन्ही तशाच. तिनं खावं असं मला वाटतं का, हे दिवसभर हळदीच्या सरीत स्वतःला विचारलं. सकाळी वाटत होतं. दुपारी वाटत नव्हतं. आता आतून खाटेची करकर ऐकू आली, ती उठून बसली असावी, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही.